पिसूताईंची फेरपरीक्षा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे पिसूताई म्हणत, आणि त्यांनाही ते आवडे. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेत त्यांची खोली होती. भिंतीला लागून काचेच्या बरण्या, आणि बरण्यांत डोळ्यांना जेमतेम दिसणारे पांढुरके ठिपके टुणटुण उड्या मारत असायचे. त्या पाणपिसवा. अंगाला चावणाऱ्या पिसूशी त्यांचं काही नातं नाही. त्या तळ्यात राहतात, शेवाळ खातात आणि मासे त्यांना खातात. कारखान्याचं एखादं रसायन ओढ्यात गेलं तर काय होईल, हे पिसूताई आधी या जिवांना विचारून घेत. अर्धं आयुष्य त्यांनी त्यात घातलं होतं.

त्यांचे यजमान घरीच शिवणकाम करत. "घरात आम्ही दोघंच," ते गिऱ्हाइकांना सांगत, "पण हिची लेकरं तिकडे हजारोंनी आहेत. सुट्टीच्या दिवशीसुद्धा भरवायला जाते."

एकदा एका कारखान्याने यंत्रांचे तेलकट भाग धुण्यासाठी नवं द्रावण बनवलं. जुन्याने कामगारांच्या हातांची सालं निघत, वासाने डोकं उठे. नव्याला वासच नव्हता. ते तपासायला घेऊन आलेला रसायनतज्ज्ञ तरुण होता, हुशार होता आणि भलत्याच घाईत होता. दोन दिवसांच्या परीक्षेत कडक द्रावणातल्या पिसवाही मजेत पोहत राहिल्या.

"झालं की मग, ताई. करा सही."

"मेल्या नाहीत, एवढंच कळलं," पिसूताई म्हणाल्या. "तुमचं द्रावण मी गटाराच्या पाण्यातही ठेवून पाहिलं. तिथले जंतू त्याला तोंड लावत नाहीत. म्हणजे ते कुजणार नाही, ओढ्यातच ठाण मांडून बसणार. पाहुणा दोन दिवस आला तर घर चालवून घेतं. हा मुक्कामाला येणार आहे. मोठी परीक्षा लावते, तीन आठवड्यांची."

तज्ज्ञ तणतणत जिना उतरला. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "बाई, गिऱ्हाईक हातचं जाईल."

"जाऊ दे, साहेब. खाली सही माझी असते."

त्यांनी एकेका पेल्यात एकेक मादी सोडली. काही पेल्यांत द्रावण कडक, काहींत पातळ, काहींत नुसतं स्वच्छ पाणी. या जातीत नराची वाट बघत कुणी अडून बसत नाही, मादी एकटीच पिल्लं काढते. पिल्लं किती होतात ते मोजायचं. दुसऱ्या आठवड्यात द्रावणातल्या पेल्यांत पिल्लं फार थोडी दिसू लागली. पण साध्या पाण्यातल्या माद्याही मरगळलेल्या होत्या, आणि पिसूताईंचं मन तिथेच अडकलं. शोध घेतला तेव्हा कळलं, फ्रीजचं दार नीट लागत नव्हतं आणि आतलं शेवाळाचं खाद्य उतरलं होतं.

त्यांनी सगळे पेले रिकामे केले आणि तज्ज्ञाला स्वतः फोन लावला. "परीक्षा रद्द केली. चूक आमच्या खाद्याची होती. पुन्हा पहिल्यापासून सुरू करते."

तज्ज्ञाने विचारलं, "निकाल माझ्या विरुद्ध चालला होता ना?"

"हो."

"तरी फेकून दिलात?"

"साध्या पाण्यातल्यासुद्धा उपाशी होत्या. त्यावरून तुमच्या द्रावणाला बोल कसा लावू?"

त्यानंतर तज्ज्ञाने घाईचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या खेपेला ताजं शेवाळ होतं. साध्या पाण्यातल्या माद्यांनी पिल्लांचा नुसता बाजार मांडला. तज्ज्ञ आला तेव्हा पिसूताईंनी त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

"आई तर ठणठणीत आहे," तो म्हणाला.

"आहेच. आता तिचं पोट बघा."

पाणपिसवेचं अंग काचेसारखं आरपार असतं. पोटात अंडी असायला हवी होती तिथे काहीच नव्हतं. त्याने एकेका पेल्यातली मादी काचेखाली घेऊन पाहिली. फक्त सगळ्यात पातळ द्रावणातल्या माद्यांना नेहमीसारखी पिल्लं झाली होती.

"पण ओढ्यात जाईपर्यंत ते एवढं पातळ होतंच," तो म्हणाला.

"पावसाळ्यात होतं. सध्या ओढ्यात किती पाणी आहे, पाहिलंत?"

त्याने पाहिलं नव्हतं. पिसूताई रविवारीच यजमानांच्या स्कूटरवर बसून पाहून आल्या होत्या. यजमान कुरकुरत पँट दुमडून ओढ्यात उतरले, आणि पाणी त्यांच्या घोट्यालाही लागलं नाही. त्या पाण्याचा हिशेब धरला तर द्रावण ओढ्यात नेमकं त्या रिकाम्या पोटांच्या पेल्यांइतकंच कडक राहणार होतं.

"म्हणजे आमचं द्रावण बाद?"

"असं मी म्हटलं नाही. कामगारांच्या हातांना ते बरं आहे, ते मलाही हवंय. फक्त ओढ्यात सोडू नका. धुतलेलं पाणी कोळशाच्या गाळणीतून काढा आणि तेच परत वापरा. कधी बाहेर सोडायची वेळ आली तर आधी ते गाळलेलं पाणी माझ्याकडे आणा."

कारखान्याच्या मालकांनी खर्चाच्या नावाने नाकं मुरडली. पण तज्ज्ञ आता पिसूताईंच्या बाजूने भांडत होता, आणि उन्हाळा संपायच्या आत कारखान्यात गाळणीची बंद टाकी बसली. गाळलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन तो स्वतः जिना चढला. त्या पाण्यातल्या माद्या भराभर व्याल्या. पिसूताईंनी अहवालात स्पष्ट लिहिलं: हे द्रावण ओढ्याला घातक आहे, बंद टाकीत वापरायला हरकत नाही. मग सही केली.

त्या दिवशी त्या उजेड असतानाच घरी पोचल्या. यजमानांनी चष्म्यावरून पाहिलं. "आज लवकर?"

"काम झालं."

"मग या शर्टाची काजं करून दे गं. माझे डोळे दुखतायत."

पिसूताईंनी हात धुतले आणि सुईत दोरा ओवला.