सुलाबाई स्टेजवर उभ्या राहिल्या

मानवतच्या धान्याच्या मोंढ्यामागं रक्त तपासणीची एक छोटी लॅब आहे. तिथं धम्मपाल खिल्लारे रक्त काढतो. वय चौतीस, अंगानं काटक, खांद्याखाली उतरलेले केस कामाच्या वेळी निळ्या टोपीत कोंबलेले. हात मात्र फार हलका. सुई टोचण्याआधी तो माणसाला गाव विचारतो, पीकपाणी विचारतो, आणि उत्तर पुरं व्हायच्या आत त्याचं काम झालेलं असतं. खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्या दारातूनच चौकशी करतात, "ते केसवालं लेकरू हाय का आज? न्हाई तर उद्या येतो."

ह्या लेकराचा जीव मेटलमध्ये. गिटारींचा गडगडाट, ढोलांचा मारा, आणि छातीच्या तळातून काढलेला गायकाचा घोगरा आवाज. सरकी-पेंडीचं दुकान चालवणारा त्याचा मित्र आदिनाथ त्याला नेहमी म्हणतो, "दिवसभर लोकांचं रक्त काढायलास, संध्याकाळी रक्ताची गाणी ऐकायलास. धम्म्या, तुझ्या धंद्यात अन् छंदात फरक तरी काय?"

नांदेडला लॅबचा कोर्स करताना खोलीतल्या एका मुलानं मेमरी कार्डावर हे खूळ त्याच्या हाती दिलं. त्यानंतर हजारो गाणी ऐकून झाली, तरी श्रद्धा पाच अल्बमांवर. त्यांची नावं परदेशी, जिभेला अवघड, म्हणून घरात ते मुखपृष्ठांवरून ओळखले जातात. बर्फातल्या घोड्याचा, वाळलेल्या झाडाचा, शिडीचा, पाठमोऱ्या म्हातारीचा आणि कावळ्यांचा. बायको संघप्रिया त्यातलं काही ऐकत नाही, पण तिला सगळं कळतं. "आज घोडा लावलाय, म्हणजे लॅबमध्ये कुणाशी तरी वाजलंय," असं ती स्वयंपाकघरातून सांगते, आणि ते बहुतेक खरं असतं. धम्मपालनं ह्या पाचांचा क्रम एका वहीत पेन्सिलनं लिहून ठेवला आहे, कारण तो बदलतो. कावळ्यांचा अल्बम मात्र कधीच पहिल्या जागेवरून हलला नाही.

का हलला नाही, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. त्या अल्बमातल्या तिसऱ्या गाण्यात ढोलवाला डाव्या हाताचा ठोका किंचित मागं ओढतो, ऐकणाऱ्याचा श्वास अडकवतो आणि मग सोडतो. नेमका असा ठोका धम्मपालनं त्याआधी एकाच माणसाच्या हातात ऐकला होता. ते म्हणजे बोरीचे तात्याराव मामा, त्याच्या आत्याचे मालक.

लहानपणी आईबाप ऊसतोडीला गेले की धम्मपाल सहा-सहा महिने बोरीला आत्याकडं असे. मामांची गायन पार्टी होती. मामा ढोलकीवर आणि गायलाही, पेटीवाला सिताराम, आणि मागं झील धरायला आत्या, सुलाबाई. जयंतीच्या दिवसांत ह्या पार्टीला आठवडाभर घर दिसत नसे. पोरगं धम्मपालही सोबत, ढोलकीच्या गवसणीवर झोपायचं.

ह्या गायनाची एक रीत आहे. गाणं आवडलं की ऐकणारा उठतो, नोट हातात धरून स्टेजवर येतो आणि उभा राहतो. गाणारा गाणं न तोडता डाव्या हातानं नोट घेतो, कडवं संपलं की माणसाचं नाव, गाव खड्या आवाजात पुकारतो, पार्टी आभारी आहे म्हणतो आणि पुढचं कडवं उचलतो. नोट दहाची असली तरी नाव पुरं घ्यायचं. आणि नाव पुकारल्याशिवाय देणाऱ्यानं जागा सोडायची नाही. देऊन तसंच खाली उतरणं म्हणजे गाणाऱ्याचा अपमान. मामा तर म्हाताऱ्या बाईचं नाव तिच्या माहेरासकट घ्यायचे. मामा जाऊन आता नऊ वर्षं झाली.

गेल्या वर्षी धम्मपाल, आदिनाथ आणि बोरीचा बालाजी ह्या तिघांनी बँड काढला. नाव ठेवलं 'भेग'. आदिनाथ गिटारवर, बालाजी ड्रमवर, धम्मपाल गायला. पेंडीच्या गोदामात सराव चाले. आदिनाथचे वडील एकदा डोकावले आणि म्हणाले, "पोरांनो, काही दुखायलंय का कुणाचं?"

फेब्रुवारीत परभणीला जिंतूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयाचा वरचा हॉल दुपारपुरता मिळाला. नांदेडचे, संभाजीनगरचे दोन बँड येणार होते. पुण्याहून एक जोडगोळी कॅमेरे घेऊन येणार होती. गावोगावचे मेटल बँड शोधून त्यांचे व्हिडिओ टाकायचा त्यांचा उद्योग, आणि त्यांचं चॅनेल देशभरातले मेटलवाले बघतात. धम्मपालला तीन रात्री झोप नव्हती. आपल्याला कुणीतरी आपल्यातला म्हणावं, एवढंच त्याला चौदा वर्षं हवं होतं.

कार्यक्रमाआधी जिन्यात उभं करून त्यांनी त्याची मुलाखत घेतली. आवडते अल्बम विचारले. त्यानं पाचही सांगितले, ह्या वेळी खऱ्या नावांनी, उच्चार घरी घोकून ठेवलेले. मग त्यांनी विचारलं, "इथे परभणीकडे लाइव्ह म्युझिकचं काही वातावरण आहे का?"

"काहीच नाही," धम्मपाल म्हणाला. "आम्हीच पहिले."

उरुसातल्या कव्वाल्या, जयंतीची गायनं, मामांची पार्टी, सगळं त्या एका वाक्यात बुडालं. बोलताना त्याला काही वाटलंही नाही.

हॉलमध्ये ऐंशी-नव्वद पोरं होती, बहुतेक काळ्या टी-शर्टातली. आणि मागच्या भिंतीशी, प्लास्टिकच्या खुर्चीवर, जयंतीला नेसायची पांढरी साडी नेसून सुलाबाई बसल्या होत्या. शेजारी संघप्रिया. नवऱ्याला सांगायचं नाही असं ठरवून तिनं आत्याला बोरीहून एसटीनं बोलावून घेतलं होतं. ज्या बाईनं ह्याला ढोलकीजवळ झोपवलं तिनं ह्याचं पहिलं गाणं ऐकू नये तर कुणी ऐकावं, असा तिचा साधा हिशेब.

भेगचं तिसरं गाणं चालू होतं. पोरं स्टेजपुढं डोकी घुमवत होती. बालाजीनं डाव्या हाताचा ठोका मागं ओढला. धम्मपालनंच तो त्याच्याकडून घोटून घेतला होता. त्या ठोक्यावर सुलाबाई उठल्या. पोरांच्या गर्दीतून वाट काढत, "सरक रं बाळा, सरक जरा," करत त्या पुढं आल्या आणि बाजूच्या पायऱ्यांवरून स्टेजवर चढल्या. डोईवर पदर, हातात पन्नासाची नोट. धम्मपालच्या उजव्या अंगाला, दोन हातांवर, त्या येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात पुढं केला.

धम्मपालनं त्यांना पाहिलं. नोट पाहिली. आणि समोर पुण्याचा कॅमेरा त्यांच्याकडं वळताना पाहिला.

त्यानं डोळे मिटले.

मेटलचे गायक डोळे मिटून गातात, त्यामुळं कुणाला वावगं वाटलं नसेल. तो गात राहिला. कडवं संपलं. नाव पुकारायची जागा आली आणि गेली. त्यानं दुसरं कडवं धरलं. सुलाबाई उभ्याच होत्या, हात लांब केलेला. पोरांपैकी कुणीतरी "आजी, वन्स मोअर!" असं ओरडलं आणि हशा झाला. शेवटी आदिनाथनंच गिटार वाजवता वाजवता मानेनं त्यांना खाली जायची खूण केली. सुलाबाईंनी नोट मुठीत धरली आणि एकेक पायरी बघत उतरल्या.

कार्यक्रम संपल्यावर संघप्रिया स्टेजमागं आली. "आत्या तुमच्या शेजारी उभ्या होत्या. बघितलं न्हाई का?"

"लाइट होती डोळ्यावर," तो म्हणाला.

आत्या तोवर पाचच्या एसटीनं निघून गेल्या होत्या. बोरीला उतरून चालायला अंधार होतो, असं सांगून.

इथवर झालं ते एका क्षणाच्या भेकडपणातलं होतं म्हणता आलं असतं. पण दोन दिवसांनी पुण्याच्या मुलाचा मेसेज आला, व्हिडिओ तयार होतोय, काही सुचवायचं आहे का? धम्मपालनं लॅबच्या मागच्या खोलीत उभ्यानं उत्तर लिहिलं: 'तिसऱ्या गाण्यात मध्येच एक म्हातारी स्टेजवर येते, तेवढं काढून टाका.' आत्या असंही लिहिलं नाही. म्हातारी लिहिलं.

व्हिडिओ आला. लोकांनी वाखाणला. कोलकात्याच्या, बंगळूरच्या अनोळखी माणसांनी लिहिलं की परभणीत हे असं काही असेल असं वाटलं नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी संघप्रियाच्या मोबाइलवर बोरीचा फोन आला. ती भाकरी थापत होती, म्हणून तिनं स्पीकर लावून फोन ओट्यावर ठेवला.

"प्रिया, बालाजीच्या फोनवर बघितलं आमी समद्यांनी," सुलाबाई म्हणाल्या. "गल्लीतल्या बायका आल्त्या. मीच बोलावलं व्हतं, मी बी दिसते म्हणून. त्यात मी कुठंच न्हाई गं."

"न्हाई दिसत?"

"दोनदा लावलं. म्या उभी व्हते की स्टेजवर. बायका म्हणायल्यात, सुलाबाई, तू गेल्तीस तरी का परभणीला?" त्या हसल्या, पण हसणं मध्येच थांबलं. "माझंच काही चुकलं का तवा? तुमच्या गाण्यात देत नसतेत का?"

"पुण्याच्यांनी कापलं असंल, आत्या," संघप्रिया म्हणाली. "त्यांना कुठं कळतंय."

धम्मपाल दाराशी बूट घालत होता. त्याला बोलता आलं असतं. त्यानं नाडी बांधली, दुसरी बांधली आणि गाडीला किक मारली.

त्या दिवशी लॅबमध्ये गर्दी होती. रक्त काढायला माणूस बसला की काय करतो? हात पुढं करतो. बाही वर सारून, तळवा आभाळाकडं करून, तोंडाकडं बघत थांबतो. रोज चाळीस-पन्नास हात धम्मपालपुढं असे येत होते आणि इतकी वर्षं त्याला त्यात काही दिसलं नव्हतं. कोल्हा गावची कुसुमबाई म्हणून एक नेहमीची म्हातारी होती. तिनं हात लांब केला आणि धम्मपाल नुसता बघत राहिला.

"काऊन रं बाबा?" ती म्हणाली. "घ्यायचं न्हाई का?"

त्यानं तिचं रक्त काढलं. दोनदा टोचावं लागलं. कुसुमबाई जाताना वळून त्याच्या तोंडाकडं बघून गेली.

दुपारी त्यानं पुण्याला मेसेज केला आणि कापलेला तुकडा मागवून घेतला. घरी गेल्यावर संघप्रियाला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मला नका सांगू. मी काय तिथं हात लांब करून उभी नव्हते."

रविवारी तो बोरीला गेला. सुलाबाई अंगणात तुरी पाखडत होत्या. "ये," म्हणाल्या. "एकटाच? प्रिया न्हाई आली?"

तो जोत्यावर बसला. पाण्याचा तांब्या तसाच ठेवला.

"आत्या, पुण्याच्यांनी न्हाई कापलं. मी सांगितलं कापायला."

सूप थांबलं.

"अन् त्या दिवशी लाइट-बिट काही नव्हती डोळ्यावर. मी तुला बघितलं होतं."

"ते मला ठाऊक हाय," सुलाबाई म्हणाल्या. "तू डोळे मिटलेस तवाच कळलं. लहानपणी बी औषधाला असाच मिटायचास." त्यांनी सूप खाली ठेवलं. "कापायला लावलंस, ते मातर नव्हतं ठाऊक."

शेजारच्या अंगणात कुणीतरी धुणं आपटत होतं.

"माझी शरम वाटली तुला?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं त्यानं. मग म्हणाला, "वाटली."

सुलाबाईंनी मान हलवली, जणू चौकशीतलं एक काम मिटलं. "मामांची बी वाटली असती?"

ह्याचं उत्तर त्याच्यापाशी होतं. जिन्यातल्या मुलाखतीत ते देऊन झालं होतं. त्यानं तेही सांगितलं, शब्दाला शब्द. आम्हीच पहिले, असं म्हणालो म्हणून. हे ऐकताना मात्र सुलाबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि उगाच सुपातला एक खडा वेचून लांब फेकला.

"आत्या, तुझं नाव आता पुकारतो," धम्मपाल उठत म्हणाला. "उभा राहून पुकारतो."

"आता? कुणाला ऐकवतोस? ह्या कोंबड्यांला?" त्या फटकन म्हणाल्या. "बस खाली. नाटकं करू नकोस."

तो बसला. त्यांनी दोन सुपं पाखडली. मग त्याच म्हणाल्या, "ते कापलेलं हाय का तुझ्यापाशी? का टाकून दिलं?"

"हाय."

"दाखव."

त्यानं मोबाइल काढला. सुलाबाई त्याच्याजवळ जोत्यावर येऊन टेकल्या, चष्मा लावला. त्या एवढ्याशा चौकोनात पांढऱ्या साडीतली एक बाई पायऱ्या चढून आली, पदर सावरला, हात पुढं केला. शेजारी केस मोकळे सोडलेला माणूस तिच्याकडं बघतो, स्पष्ट दिसेल इतकं बघतो, आणि डोळे मिटतो. बाई उभी. पोरं हसतात. बाई उभीच. धम्मपालला मोबाइल खाली ठेवायचा होता, पण आत्यानं त्याचं मनगट धरलं होतं.

"कितीक वेळ उभी व्हते मी?" तुकडा संपल्यावर त्यांनी विचारलं.

"पाऊण मिनिट."

"मला लय वाटलं."

तो मोबाइल खिशात ठेवायला लागला.

"बालाजीनं ठोका चांगला धरलाय," त्या म्हणाल्या. "परत लाव."

त्यानं परत लावलं.