सात देवांची नवरी

गेल्या हिवाळ्यात शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी एक नाटुकले लिहिले. मुलींची शाळा मध्येच तोडून त्यांची लग्ने उरकू नयेत, हा त्याचा विषय. सातवीतल्या एका मुलीचे लग्न ठरते, मांडवात सनई सुरू होते, आणि ऐन वेळी नवरी उठून म्हणते, 'मी शाळेत जाणार!' हे वाक्य लिहून झाल्यावर मी एकटाच खोलीत टाळी वाजवली होती. पन्नाशी उलटलेल्या मुख्याध्यापकाला ते शोभणारे नव्हते, पण राहवले नाही.

आमची सातवीपर्यंतची शाळा आष्टीच्या अलीकडे, संत्र्याच्या बागांमधल्या एका लहान गावात आहे. गावाला लागूनच गोंडांचा टोला, म्हणजे वस्ती, आहे; निम्मी मुले तेथूनच येतात. नवरीचे काम मी टोल्यातल्याच एका मुलीला दिले. सातवीत तिच्याइतके स्पष्ट बोलणारे दुसरे कोणी नव्हते. नवरदेव म्हणून टोल्यातलाच एक उंच मुलगा निवडला, मोबाइलवर सनई लावली आणि दोघांच्या हाती कागदी बाशिंगे दिली. टोल्यातली मुले एकमेकांकडे पाहू लागली. एकाने तोंडावर हात दाबला. मुलीने बाशिंग टेबलावर ठेवले.

"सर, मी नाई करत."

मी कारण विचारले. पुन्हा विचारले. शेवटी मी म्हणालो, "जमत नसेल तर घरी बस." मी आवाज चढवत नाही अशी माझी ख्याती आहे, हेही मी हळूच म्हणालो. हळू उच्चारलेला शब्द लागत नाही, असे मी इतकी वर्षे कशाच्या बळावर मानले, हे मला अजून उमगलेले नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. चौथ्या दिवशी कळले, ती आईबरोबर बागेत संत्री निवडायला जाते. आमच्याकडे शाळा कोणी एका दिवसात सोडत नाही. मूल चार दिवस बागेत जाते, मग हंगामभर जाते, आणि एके दिवशी हजेरीपटावर त्याचे फक्त नाव उरते.

शनिवारी सकाळची शाळा सुटताच मी टोल्यावर गेलो. अंगणात मुलीचे वडील तूर निवडत होते. त्यांनी खाट पुढे ओढली. आईने मात्र हातातले सूप थांबवले नाही.

"गुरुजी," वडील सावकाश म्हणाले, "तुमी बहीण-भावाचं लगन लावून राह्यले व्हते."

"बाशिंगंबी घेऊन आलते!" आई सूप पाखडत म्हणाली. "शिकलेले लोक!"

"पण ती भावंडे कुठे आहेत? आडनावेसुद्धा वेगळी आहेत."

वडिलांनी मूठभर तूर घेतली आणि सारवलेल्या जमिनीवर दाणे मांडले: चार, पाच, सहा, सात. "आमच्यात घरचे देव मोजतेत. कोनाचे चार, कोनाचे पाच, कोनाचे सा, कोनाचे सात. सारख्या देवाचे सारे भाऊ-बहीण. हिचे सात, त्या पोराचेबी सात. मंग तो भाऊच लागते तिचा. खेळातबी नाई चालत."

"मग वर्गात मला कोणी सांगितले का नाही?"

आता सूप थांबले. "तुमीच त सांगतलं व्हतं पोरायले, देव-बिव घरी ठेवून येत जा म्हणून. माह्या मोठ्या पोरानं घरी येऊन सांगतलं व्हतं."

ते खरे होते. या शाळेत रुजू झालो त्या आठवड्यात मी तसे बजावले होते, आणि आपण सर्वांना एकाच मापाने मोजतो याचा मला अभिमान वाटला होता. त्याच शाळेत शारदेच्या तसबिरीला हार घालून मी रोजचा दिवस सुरू करीत असे. तो हार माझ्या नियमात बसतो की नाही, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

"माझे चुकले," मी म्हणालो.

"चुकलं त चुकलं," आई म्हणाली. "पन जिथं आपलं सांगताबी येत नाई, तिथं पोरगी काऊन धाडावी?"

मी त्या चार ढिगांकडे पाहत राहिलो आणि पाहता पाहता माझ्यातला गणिताचा शिक्षक जागा झाला. दारात ती मुलगी येऊन उभी होती. मी तिला विचारले, "सहा देवांचा मुलगा, सात देवांची मुलगी?"

"होते सोयरीक."

"पाच आणि पाच?"

"छ्या! भाऊ-बहीण."

"मुलगी सात देवांच्या घरची, तिची आई सहा देवांच्या घरची. मुलीला सहा देवांचा मामा—"

"मामा सा देवाचा, म्हणून त्याचा पोरगा नवरदेव होऊ शकते!" माझा प्रश्न पुरा होण्याआधीच तिचे उत्तर आले. गट पाडणे, वर्गीकरण करणे हा धडा मी दरवर्षी रंगीत मणी घेऊन शिकवतो आणि दरवर्षी निम्मा वर्ग जांभया देतो. येथे एक मुलगी तुरीच्या दाण्यांवरून मला मागे टाकत होती. मी खाटेवरून उतरून जमिनीवर केव्हा बसलो, कळलेच नाही. पुढच्या दोन उदाहरणांत मी चुकलो.

"सर नापास," ती म्हणाली आणि हसली.

"मग नवरदेव तूच निवड," मी म्हणालो.

"पाहा बापा! पोरगी नवरा निवडते म्हणे!" आईलाही हसू आवरले नाही. मग ती माझ्याकडे वळली. "अन् मोबाइलातल्या सनईवर आमचं लगन लागत नाई. गाणे आमी म्हनू. पन एक सांगतो गुरुजी, कार्यक्रमापुरतीच येईन पोरगी. मंग बागेत."

तेवढ्यावर मी परतलो. पुढचे दिवस कसे गेले, हे आठवले तरी अंगात वीज खेळते. मुलीने सहावीतला सहा देवांचा एक बुटका मुलगा निवडला. फेटा त्याच्या डोळ्यांवर येई. बायका बागेतून थेट तालमीला येत, हातांना संत्र्याच्या सालीचा वास असे. "असं कोनी बोलते काय मांडवात?" म्हणत त्यांनी माझे संवाद एकेक करून काढून टाकले. फळ्यावर टोल्यातल्या मुलांनी देवांचे तक्ते काढले, तेव्हा गावातली मुलेही घरी जाऊन आपापल्या कुळाचे प्रश्न विचारू लागली. सरावाला कोणी दांडी मारीना.

संमेलन शनिवारी दुपारी होते. सिनेमाच्या गाण्यांवरचे नाच पाहायला जमलेला गाव, बायकांनी गोंडीत लग्नाचे गाणे उचलताच गप्प झाला. ढोल घुमला. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्याने उठून ताल धरला, आणि मग टोल्यातल्या कोणालाच बसवेना. तेवढ्यात नवरी उठली. माझे ते वाक्य ती म्हणाली खरी, पण गोंडीत.

गाणाऱ्या बायकांमधून तिची आई उठली आणि तिने उलट काही विचारले. हे कुठेच लिहिलेले नव्हते. टोला खो-खो हसला. मी शेजारी उभ्या असलेल्या वडिलांचा दंड धरला. "काय म्हणतात?"

"माय म्हणते, तू शाळेत गेली त माह्यासंग संत्रे कोन निवडन?"

मुलीने उत्तर दिले. या वेळी कोणी हसले नाही.

"पोरगी म्हणते, संत्रे कोनीबी निवडन. आठवीत माह्या जागी कोन बसन?"

ढोल थांबला होता. आई मांडवात उभी होती, तिच्यापुढे बाशिंग बांधलेली मुलगी, आणि नाटक कुठे संपले होते हे गावालाही कळले असावे. मग आई एकच शब्द बोलली. वडील माझ्याकडे वळले.

"जाय म्हणते."

टोल्यातून असा कल्लोळ उठला की फेटेवाला नवरदेव दचकून खाली बसला.

सोमवारी शाळा भरायच्या आधी आई आणि मुलगी फाटकाशी उभ्या होत्या. मुलगी वर्गात पळाली. आई पदर सावरत म्हणाली, "गुरुजी, आठवीची शाळा आष्टीले हाय ना? सकायची बस किती वाजता येते, थे लिहून द्या. अन् पोरीच्या परत यायची बी."