निरोप व्हाया जळगाव

मंडळी, आज आमचे नेटवर्क इंजिनिअर जावई रुसून माहेरी आलेल्या बायकोला, आमच्या रेवाला, न्यायला इंदिरानगरला आले.

चहा पिता पिता मला शिकवू लागले. "आई, आमच्या नेटवर्कमध्ये मधला राउटर माहितीच्या पॅकेटवरचं फक्त लेबल वाचतो. पॅकेट तिथेच अडलं, तर पाठवणाऱ्याकडे परतायची वाट त्याला ठाऊक नसते. म्हणून चूक झाल्याची खबर आधी पार पुढच्या टोकाला जाते, मग मागे फिरते."

मी म्हटलं, "म्हणजे रेवाच्या आमटीत मीठ जास्त पडलं की जळगावला तुमच्या आईंना कळतं, त्या मला ऐकवतात, मी रेवाला! राउटरला वाट ठाऊक नसते, जावईबापू. रेवा तर तुमच्या ताटासमोरच बसलेली असते."

रेवाने आतून खोलीची कडी लावली. मी त्यांच्यासमोरच जळगावला फोन लावला.

"विहीणबाई, रेवा येणार नाही. तुमच्या मुलाला तेवढं कळवा. माझ्या सोफ्यावरच बसलाय."

माझं चुकलं असेल, तर थेट मलाच सांगा.