ड्रायव्हरची साक्ष

दर शनिवारी सकाळी चर्चच्या मागच्या खोलीत झग्यांचे गठ्ठे येऊन पडतात. गायकांचे ऐंशी निळे, बाप्तिस्म्याचे चाळीस पांढरे. इस्त्रीवाल्या मावशी पांढऱ्यांना आधी हात घालतात, कारण पाण्यात उतरणाऱ्या माणसाच्या अंगावर सुरकुती नसावी, असं त्यांचं म्हणणं. तो पाण्यातून वर येईपर्यंत झग्याचा बोळा होणार हे त्यांनाही ठाऊक असतं. पण म्हणून काय झालं?

चर्चची ही मंडळी सुरू झाली तेव्हा झगा एकही नव्हता आणि माणसं होती नऊ. टायरचं जुनं गोदाम भाड्यानं घेतलं होतं. टायर आडवे टाकायचे, वर फळ्या ठेवायच्या, झाली बाकं. उपासना संपून लोक उठले की कपड्यांच्या मागं काळी वर्तुळं उमटलेली. "त्या वेळचा विश्वासणारा पाठमोरा ओळखू यायचा," असं सांगून मावशी अजून नव्या पोरींना हसवतात. नऊचे नव्वद झाले. मग बंद पडलेलं एक सिनेमागृह घेतलं, आणि त्यानंतर हे आताचं सभागृह. पाच हजार खुर्च्या, रविवारी तीन उपासना, चार पडदे, गाड्या लावून द्यायला झेंडेवाले, तान्ह्या पोरांची वेगळी खोली, तुरुंगातल्या कैद्यांसाठी सेवा, दवाखान्याची गाडी. आणि दर गुरुवारी, तिसऱ्या मजल्यावर, दारूत बुडालेल्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा गट.

हा गट उभा राहिला तो मावशींच्या नवऱ्याच्या साक्षीवर. नवरा ट्रकवर होता, म्हणून सगळी मंडळी त्याला ड्रायव्हरभाऊ म्हणे. तीस-पस्तीस वर्षं त्यानं एकच साक्ष दिली, देवानं आपल्याला कसं बदललं त्याची. गोदामाच्या दाराशी बाटली ठेवली, आत जाऊन गुडघे टेकले. "बाहेर आलो तर बाटली तीच होती, माणूस दुसरा होता. त्या दिवसापासून थेंब नाही." इथं तो थांबायचा, आणि सभागृहातून 'आमेन' उठायचं ते छताला लागायचं.

गुडघे टेकले हे खरं. बाटली दाराशीच राहिली, हेही खरं. खोटं होतं ते शेवटचं वाक्य. तिसऱ्याच आठवड्यात तो पिऊन आला. पण तोवर पास्टर त्याला चार ठिकाणी बोलायला घेऊन गेले होते, लोक रडले होते, दोघांनी दारू सोडली होती. साक्ष पुढं निघून गेली, माणूस मागं राहिला. मावशींनी मग झाकली मूठ झाकलीच ठेवली. शनिवारी दुपारपासून त्याला घरच्या आतल्या खोलीत कोंडायचं, किल्ली कमरेला. रविवारी तोंडात लवंग, अंगात कडक शर्ट, आणि चला साक्ष द्यायला. अशी चार वर्षं गेली. मग दारू सुटली हळूहळू, कधी सुटली ते नेमकं सांगता येऊ नये अशी. पण तोवर वाक्य दगडात कोरल्यासारखं पक्कं झालं होतं.

दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं ड्रायव्हरभाऊंची उजवी बाजू नेली आणि वाचाही. आता मंडळीच्या इतिहासावर फिल्म करायची ठरली, तेव्हा थोरले पास्टर स्वतः चर्चमागच्या इस्त्रीच्या खोलीत आले.

"ताई, त्याची साक्ष तुम्ही द्या. तुमच्याएवढं कोण जवळ होतं?"

"बघते," मावशी म्हणाल्या.

त्याच आठवड्यात गुरुवारी गटात चहा देताना बेकरीत काम करणारी एक बाई कपाला हातही लावेना. बाकीचे उठून गेले तरी बसून राहिली.

"मावशी, मी आता येणार नाही. कशाला यायचं? माझ्या नवऱ्यानंही गुडघे टेकले होते. सगळ्यांसमोर. दहा दिवस नीट राहिला, आणि परवा पुन्हा."

"अगं, पण—"

"तो म्हणतो, ड्रायव्हरभाऊंची एका दिवसात सुटली, माझी नाही. म्हणजे देवाला मी नको आहे. आता प्रार्थनाही करत नाही तो. खरं सांगा, खोट त्याच्या विश्वासातच आहे ना?"

मावशींनी तिचा गार झालेला कप उचलला. "पुढच्या गुरुवारी एकदा ये," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याची दाढी करताना त्यांनी विषय काढला. "अहो, मी खरं सांगू का? चार वर्षं लागली म्हणून?" त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं. साबणाचा फेस कानात गेला तरी मान सरळ करेना. पुढं दोन दिवस नजर दिली नाही. ज्या नावावर माणूस जन्मभर जगला, ते त्याची वाचा गेल्यावर काढून घ्यायचं, हे पाप की पुण्य, मावशींना काही केल्या उमजेना. रात्रभर कूस बदलत राहिल्या.

सोमवारी कॅमेरा लागला. दिवे, पाठीमागं जुन्या गोदामाचा मोठा फोटो. पास्टर समोरच खुर्ची टाकून बसले. मावशींनी बाटलीपर्यंत नीट सांगितलं. मग म्हणाल्या, "तिसऱ्या आठवड्यात ते पुन्हा प्यायले."

पास्टरांनी हात वर केला. कॅमेरा थांबला.

"ताई, हे आता कशाला? या साक्षीनं किती माणसं उभी राहिली!"

"आणि ऐकून खचले, निघून गेले, ते कुणी मोजले का पास्टर?"

"मला माहीत नव्हतं."

"तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दोघांचंही भागलं."

पास्टरांनी खुर्ची मागं सरकवली. मोठा माणूस, पाच हजारांसमोर एका शब्दाला न अडखळणारा. "मला विचार करू द्या," म्हणाले.

"करा की. फिल्म तुमची आहे. पण गुरुवारी गटात मी सांगणार, ते तुमच्या कानावर घालून ठेवते."

गुरुवारी मावशी निघाल्या तर नवऱ्यानं डाव्या हातानं पिशवीचा बंद धरला. सोडेचना. अडवतोय असं त्यांना वाटलं. मग तो आपल्या बुटांकडं बघू लागला. त्यांनी त्याला बूट चढवले, शेजाऱ्याच्या मदतीनं चाकाची खुर्ची उतरवली.

गटात त्या दिवशी बारा माणसं होती. बेकरीवाली दाराजवळ बसली होती, एकटीच. मावशी उभ्या राहिल्या. त्यांनी चाकाच्या खुर्चीची मूठ धरली आणि सगळं सांगितलं. कोंडणं, किल्ली, लवंग. "एका दिवसात नाही सुटली. चार वर्षं लागली. पडायचे, उठायचे, पुन्हा पडायचे. देवानं त्या चार वर्षांत हात सोडला नाही, एवढंच मी सांगू शकते."

कुणी 'आमेन' म्हटलं नाही. तेवढ्यात ड्रायव्हरभाऊंनी डावा हात वर केला.

"काय हो? पाणी हवंय?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. हात तसाच, पाची बोटं पसरलेली. मावशींनी पाहिलं, आणि कळायला वेळ लागला.

"पाच?"

त्यानं डोळे मिटून मान खाली केली. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी ओघळलं.

पाचव्या वर्षी मावशींनी त्या आतल्या खोलीच्या दाराची कडी काढून टाकली होती. त्या वर्षी त्या निवांत झोपल्या होत्या. मंडळीला त्यांनी फसवलं, आणि त्यानं त्यांना. क्षणभर त्यांच्या मनात राग उसळला. मग समोर तो हात दिसला. अजून खाली आला नव्हता.

"चुकलं माझं," मावशी गटाला म्हणाल्या. "पाच वर्षं लागली. त्यातलं एक मलाही माहीत नव्हतं."

बेकरीवाली उठून बाहेर व्हरांड्यात गेली. दार अर्धवट उघडंच राहिलं. फोनवरचं तिचं बोलणं आत सगळ्यांना ऐकू येत होतं.

"ऐक, फोन ठेवू नकोस. त्यांना पाच वर्षं लागली... ड्रायव्हरभाऊंना, दुसऱ्या कुणाला! ते स्वतः बसलेत इथं... नाही रे, मी रागावले नाही. बेसिनवर तोंड धू आणि ये. कसाही असलास तरी ये. मी जिन्यापाशी थांबते."