डिकीतला हिरवा थर

"वहिनी, याला अर्थच नाहीये."

गाडीच्या डिकीत डोकं घालून काका आईला सांगत होता. मी चहाचे कप घेऊन खाली येत होते, ती जिन्यातच थांबले.

"मी तरी दुसरं काय म्हणतेय?" आई म्हणाली. "देऊन टाका भंगारवाल्याला. सोसायटीचीही कटकट संपेल."

गाडी बाबांची. गोल दिव्यांची, सायीच्या रंगाची जुनी पद्मिनी. बाबा गेल्यापासून जोगेश्वरीतल्या आमच्या बिल्डिंगच्या मागे ती ताडपत्रीखाली पडून होती. काका मुलुंडहून दर रविवारी येऊन तिला उभी करत होता. इंजिन झालं, पत्रा झाला. मागचे दिवे मात्र नुसते मिणमिणायचे आणि ब्रेक दाबला की तेही विझायचे. बल्ब बदलले, पेडलजवळचा स्विच बदलला, तरी तेच. दसऱ्यापर्यंत गाडी रस्त्यावर आली नाही तर विकायची, असं आईने सांगून टाकलं होतं. हा दसऱ्याआधीचा शेवटचा रविवार. मला ती गाडी हवी होती, पण मी ते कुणाला बोलले नव्हते.

"भंगार? काय वहिनी!" काका डोकं बाहेर काढून हसायला लागला. "अर्थ म्हणजे अर्थिंग हो! दिव्याची वायर स्क्रूने बॉडीला लावलेली असते ना, तिथे रंग फासलाय कुणीतरी. करंट जाणार कुठून?"

"कुणीतरी काय, तुमच्याच भावाने," आई म्हणाली.

बाबांना गंजाची फार धास्ती. दसऱ्याला गाडीला हार घालण्याआधी ते डिकीच्या आतून ऑइलपेंटचा एक हात मारायचे. घरात जो रंग उरला असेल तो.

मी खाली येऊन दोघांना कप दिले, तसा काकाने माझ्या हातात पॉलिश पेपर ठेवला. "तुझे हात बारीक. तूच घास गो."

मी डिकीत वाकले. आधी निळा निघाला, आमच्या ग्रिलचा. त्याच्याखाली हिरवा. तो स्वयंपाकघराच्या जुन्या खिडकीचा. त्या खिडकीत बसून मी स्पेलिंग पाठ करायचे आणि बाबा शेजारी नुसते बसून असायचे. इंग्रजी त्यांना फारसं यायचं नाही आणि बोलण्यात आम्ही दोघंही कच्चे. हिरव्यावर माझा हात थोडा रेंगाळला. मग खाली पत्रा चमकला.

शाळेच्या गेटवर सोडताना बाबांनी कधी हात हलवला नाही. गाडी पुढे निघायची आणि मोकळ्या रस्त्यावर, काहीच आडवं आलेलं नसताना, तिचे मागचे लाल दिवे दोन-तीनदा लागायचे. ते बघूनच मी आत जायचे. मी थांबून बघते, हे त्यांना माहीत होतं की नाही, कोण जाणे. मी विचारलं नाही.

काकाने वायर पुन्हा आवळली आणि तो आत जाऊन बसला. "मागे उभी राहा. लागला की ओरड."

दिवे लागले. दोन्ही, लालभडक.

"लागला काय गो?"

काकाने ब्रेकवरचा पाय काढला, पुन्हा दाबला. परत एकदा दाबला.

"अगो, झोपलीस की काय तिथे?"

आई कप हातात धरून दिव्यांकडेच बघत होती.

"लागला, काका," मी म्हणाले. मग आईकडे वळले. "आई, ही विकायची नाही. मला चालवायचीय."