शीर्षकावरून कळत नाही

सॉफ्टवेअर टूल्सबरोबर येणारं डॉक्युमेंटेशन तपासणं हे माझं काम. परवाचं टूल कुठलाही ब्लॉग वाचून, तो सर्चमध्ये सापडेल का ते सांगणारं होतं. असं टूल आपणहून चालवणाऱ्या एआय एजंटसाठी लिहिलेल्या त्याच्या सूचना स्पष्ट आहेत का, ते मला बघायचं होतं. अशा वेळी एखादा ब्लॉग घ्यायचा आणि सूचना लिहिल्यात तशाच पाळायच्या, आपली अक्कल मध्ये आणायची नाही, ही आमची पद्धत. मी ताईचा रेसिपींचा ब्लॉग घेतला. ती गेल्यापासून तो तसाच पडून आहे.

उत्तर लगेच आलं. 'शीर्षकावरून आतला मजकूर कळत नाही. लेखिकेने नियमित लिहावे.'

पहिलं तर खरंच होतं. 'जमलं बाई एकदाचं!' याखाली तिची पुरणपोळी असायची आणि 'आज काही विशेष नाही' याखाली फणसाची भाजी, अगदी हाताला तेल लावण्यापासून. "ताई, हे शोधणार कोण?" मी चिडायचो. "ज्याला यायचंय तो येईल रे," ती हसायची.

"कशा आहेत सूचना?" शेजारच्या टेबलावरून सहकारी मैत्रिणीनं विचारलं.

"चांगल्या आहेत. एकही पायरी गाळलेली नाही."

यंत्राला सगळं उघड लिहून द्यावं लागतं. आपल्या माणसांना मात्र आपण काहीच सांगत नाही, त्यांना कळेल असं धरून चालतो.

ती जाण्याआधीच्या शेवटच्या फोनवर, तब्येत कशी आहे विचारल्यावर, ताई म्हणाली होती, "काही विशेष नाही रे. जरा दमलेय."