पावशीची जागा

बाबा दुपारी वारले. मी त्यांच्या उशाशी होते. उशी सरकली होती, ती मी सरळ केली. त्यानंतर त्यांचा श्वास थांबला. आई पलीकडच्या खोलीत डाळ पाखडत होती. मी तिला हाक मारली.

त्यांचं हृदय थकलं होतं आणि आता फार दिवस नाहीत हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं. त्यामुळे कोणी मला काही विचारलं नाही. विचारलं ते मीच. बाबांच्या मागे पुण्यानुमोदनाचा विधी झाला, त्या दिवशी भंतेजी बोलत होते, मी बाबांच्या फोटोकडे पाहत होते आणि मनात एक वाक्य आलं: तू उशी सरळ केलीस, की दाबलीस?

दाबली नव्हती, हे मला माहीत होतं. तरी खात्रीसाठी मी ती दुपार पुन्हा आठवली. कोणता हात होता, उशीचं कोणतं टोक धरलं होतं, बाबांचे डोळे उघडे होते का. एकदा आठवून पुरलं नाही. पुन्हा आठवली, तेव्हा हात डावा होता की उजवा याची शंका आली. ज्या आठवणीकडून मला खात्री हवी होती, ती दर खेपेला आणखी धूसर होऊन समोर येत होती.

घरात आता आई आणि मी दोघीच होतो. मी मेडशीहून रोज एसटीने तालुक्याच्या शाळेत शिकवायला जाते. बाबा गेल्यावर महिनाभरानंतरची गोष्ट आहे. संध्याकाळी मी खाली बसून भाजी चिरत होते. आमच्याकडे विळीला पावशी म्हणतात. आई माझ्याकडे पाठ करून मेथी निवडत होती. तिचा अंबाडा सुटला होता आणि मान दिसत होती. त्या मानेकडे पाहताना मनात जे चित्र आलं, ते मी आजही पूर्ण लिहू शकत नाही. मी पावशीवरून पाय काढला आणि अंगणात जाऊन उभी राहिले. एकाला मारलंस, आता दुसरी राहिली, असं मनात चाललं होतं.

तेव्हापासून मी पहिलं शील म्हणू लागले. कोणत्याही जिवाची हत्या करणार नाही, हे ते शील. पाळीतला तो शब्द मला लहानपणापासून पाठ आहे, पाणातिपाता. चित्र आलं की मनात शील म्हणायचं. म्हणताना मध्येच चित्र आलं, तर ते बाटलं असं समजायचं आणि शीलाआधीच्या त्रिशरणापासून पुन्हा सुरुवात करायची. बसमध्ये म्हणायची, फळ्यावर लिहिताना म्हणायची, मुलं गणित सोडवत असताना म्हणायची. रोज संध्याकाळी विहारात जाऊ लागले, कारण तिथे सगळ्यांबरोबर म्हटलं की एखादं तरी स्वच्छ निघेल असं वाटे. वंदना संपून बाया उठल्या तरी मी डोळे मिटून बसलेली असे.

"बापाच्या माघारी पोरगी धम्मात लागली पाहा," एक आजी आईला म्हणाली. "नाहीतर आमच्या घरच्या. मोबाइल सुटत नाही हातचा."

आईला बरं वाटलं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं. माझ्या ओठांकडे पाहून सगळ्यांना ती श्रद्धा वाटली, आणि ती श्रद्धाच असावी असं मीही धरून चालले. तिच्याआड मी दिवसेंदिवस अधिक घाबरत होते, हे कोणाला दिसण्यासारखं नव्हतं.

पावशी मी लपवली. दोन दिवसांनी आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"पावशी कुठी हाय वं?"

"माहीत नाही."

"सोयाबीनच्या पोत्यात सापडली मले. पेरायले ठेवली का?"

मी हसण्याचा प्रयत्न केला. तिने पावशी पुसून जागेवर ठेवली. त्या रात्री मी ठरवलं, या घरात राहायचं नाही. मी घरातून गेले तरच आई वाचेल, याची मला खात्रीच पटली होती. तालुक्याच्या गावी एक खोली पाहिली. जाऊन-येऊन त्रास होतो, असं कारणही ठरवलं.

आईने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इतकी वर्षं बस लागली नाही तुले. आता काहून लागते?"

मी सांगून टाकलं. उशीचं सांगितलं, पावशीचं सांगितलं. सांगताना तिला माझी भीती वाटते का, ते तिच्या चेहऱ्यावर पाहत होते.

"तू?" ती म्हणाली. "कोंबडी कापताना तू बाथरूममध्ये जाऊन बसते. तू काय करशील?"

मला इतकं हलकं वाटलं की मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. ते हलकेपण तासभर टिकलं. मग मी पुन्हा विचारलं, "मी तुला काही करणार नाही ना?" ती नाही म्हणाली. चहा घेताना विचारलं. शाळेतून फोन करून विचारलं. तिचा नकार जरा उशिरा आला तर मला वाटे, तिलाही शंका आली. आठवडाभरात ती थकली.

"हे दुःख नव्हे," एका सकाळी ती म्हणाली. "दुःखानं माणूस रडते. तू रडत नाही. तू भेऊन राह्यली. तुले दवाखान्यात न्या लागते."

वाशीमला जाताना मी पिशवीत कपड्यांचे दोन जोड घेतले होते. डॉक्टर पोलिसांना कळवतील आणि मला परत येऊ देणार नाहीत, असं मी गृहीत धरलं होतं. शाळेच्या ग्रंथालयाच्या कपाटाची माझ्याकडची किल्लीही आदल्या दिवशी परत देऊन आले होते.

मानसोपचारतज्ज्ञ बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. उशीचं ऐकूनही त्यांनी फोन उचलला नाही. मग त्यांनी विचारलं, "विचार आला की तुम्ही काय करता?"

विचार कोणता येतो, यातच मी इतकी अडकले होते की मी काय करते हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. मी सांगितलं, ती दुपार आठवते, आईला विचारते, पावशी लपवते. शेवटी हळूच शीलाचं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही हात धुता," त्या म्हणाल्या.

"मी हात धूत नाही."

"मनात धुता."

मला ओसीडी म्हणजे वारंवार हात धुणारी, कुलूप तपासणारी माणसं एवढंच माहीत होतं. हा त्याच आजाराचा कमी ओळखला जाणारा प्रकार आहे, असं त्यांनी सांगितलं. यात सगळं आतच चालतं, म्हणून घरच्यांना काही दिसत नाही. कोणाला इजा करण्याचे विचार येतात, कोणाला देवाधर्माविषयी घाणेरडे विचार येतात, कोणाला न केलेल्या गुन्ह्याची आठवण असल्यासारखी वाटते. नको ते विचार सगळ्यांच्याच मनात येऊन जातात. ज्याला त्यांची सगळ्यात जास्त किळस असते, तो त्यांना अडवायला जातो आणि तिथेच अडकतो.

"मग मी आईला काही करणार नाही ना?" मी विचारलं.

"हे उत्तर मी देणार नाही. आज दिलं तर उद्या पुन्हा लागेल." मग त्या आईकडे वळल्या. "तुम्हीही द्यायचं नाही."

"मंग म्हणू काय? पोरगी इचारते त."

"म्हणा, मला माहीत नाही."

"असं कसं म्हणू? लेक हाय माही."

"लेक आहे म्हणूनच."

गोळ्या लिहून दिल्या. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, हे आधीच सांगितलं. आणि अभ्यास दिला: पावशी तिच्या जागेवर राहील. रोज संध्याकाळी आईला समोर बसवून भाजी चिरायची. भीती आली तर येऊ द्यायची. शील म्हणायचं नाही, काही आठवायचं नाही, उठायचं नाही.

परतीच्या बसमध्ये आईने पिशवी उघडली. "हे कपडे कायले आणले वं?"

"असेच."

ती पिशवी मांडीवर घेऊन बसली.

पहिल्या संध्याकाळी वांगी होती. आई माझ्या समोरच, पाठ करून बसली. मी पावशीवर पाय ठेवला आणि चित्र आलं, नेहमीपेक्षा जवळ, जणू होऊनच गेलं आहे. जिभेवर शीलाचा पहिला शब्द आला. मी तो दातांमागे धरला.

"आई, मी तुला काही करणार नाही ना?"

ती वळली नाही. तिचे खांदे मात्र ताठ झालेले मला दिसले.

"मले काय माहीत," ती म्हणाली. "करशील त पाहू. वांगं मोठं चिरू नको."

आयुष्यात मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. आधाराचा शेवटचा हातही सुटला होता. मी तशीच बसून राहिले. चिरलेल्या फोडी काळ्या पडू लागल्या. आणि मग, मी काहीही केलं नसताना, भीती थोडी खाली आली. फार नाही. पण आपण न ढकलता ती खाली येऊ शकते, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी उरलेलं वांगं चिरलं.

हे सरळ झालं नाही. एखाद्या आठवड्यात मी बसमध्ये चोरून शील म्हणत असे आणि मग सगळं मागे जाई. आईसुद्धा दोनदा विरघळली, "नाही वं माय, तू कशी करशील," म्हणून गेली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. तालुक्याच्या गावची खोली नको, असं मी कळवून टाकलं.

विहारात आता मी पौर्णिमेला जाते. वंदना सगळ्यांबरोबर एकदाच म्हणते. मध्येच चित्र आलं तरी पुढचा शब्द म्हणते, मागे जात नाही. ते शील मला आधीपेक्षा कमी प्रिय झालेलं नाही. आधी मी ते पाळत नव्हते, त्याच्यामागे लपत होते. पण हे त्या आजीला कसं सांगू? "आता येत नाही व पहिल्यासारखी," ती म्हणते. "गेलं का दुःख?"

दुःख तर त्यानंतर आलं. एका रविवारी बाबांची पुस्तकं उन्हात मांडताना मी पहिल्यांदा त्यांच्यासाठी रडले. तोवर मी त्यांना फक्त पुराव्यासाठी आठवत होते. त्यांची शेवटची दुपार मी इतक्या वेळा उलटून पाहिली की तिच्यातलं खरं काय ते आता मला सांगता येत नाही. ते नुकसान भरून येणारं नाही. ते भरून येईल असं डॉक्टर बाईंनीही म्हटलं नाही.

आई आणि मी मेडशीच्या घरात राहतो. गोळी सुरू आहे. दोन महिन्यांतून एकदा वाशीमला जावं लागतं. विचार काही दिवशी येतो, काही दिवशी येत नाही. आई विचारत नाही आणि मी सांगत नाही. संध्याकाळचा स्वयंपाक मी करते.